दिनविशेष, ११ डिसेंबर : राज्य गेले, घरे राहिली

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले आणि छत्तीसगडही इंग्रजांकडे गेले. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी १९५९ मध्ये पेटली, तेव्हाच मराठी माणूस या भागात आला, ही समजूत मात्र अपुरी आहे. भास्करराम कोल्हटकरांच्या फौजेने १७४१ मध्ये रतनपूर गाठले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथेच राहिले. रामटेकडीवर राममंदिर उभे राहिले, दफ्तरात मोडी आली, दसऱ्याला सोने वाटले जाऊ लागले. फौजेमागून कारकून, पुरोहित आणि त्यांची कुटुंबे आली. क्वेबेकच्या लढाईत उतरलेली स्कॉटिश फ्रेझर पलटण १७६३ मध्ये मोडली, तेव्हा तिचे काही शिपाई कॅनडातच जमिनी कसू लागले. हा प्रकार त्याच जातीचा.

कोणी म्हणेल, भोसल्यांचे सुभेदार वसुलीपुरतेच आले होते. १७८७ नंतरच्या सुभेदारीबद्दल हा आक्षेप रास्त आहे. रयत पिळली गेली, हे लपवू नये. पण निव्वळ वसुलीसाठी आलेली माणसे राज्य बुडताच परतली असती. ही घराणी रायपूर-बिलासपूर भागात टिकली. बिलासपूर-रायपुरात शिकलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, तेही हिंदीत.