मागचा अ‍ॅक्सल बदलायचा आहे? भंगारातला जुना पार्ट घेण्याआधी हे वाचा

यवतमाळ जिल्ह्यात दहा-पंधरा वर्षे जुनी बोलेरो, सुमो, टवेरा किंवा ओम्नी पाळणारी कितीतरी कुटुंबे आपल्यात आहेत. कुणाची गाडी शाळेची मुले ने-आण करते, कुणाची आठवडी बाजाराचा माल, तर कुणाची फक्त लग्न, मय्यत आणि दवाखान्यासाठी दारात उभी असते. अशा गाडीचा मागचा अ‍ॅक्सल गेला की मिस्त्री दोन रस्ते सांगतो. एक, नवे सामान टाकून जुनाच अ‍ॅक्सल बांधायचा. दोन, भंगारातून पूर्ण अ‍ॅक्सल आणायचा. नवा कोरा अख्खा अ‍ॅक्सल हा तिसरा रस्ता बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचा असतो. शिवाय क्वालिस २००५ मध्ये, टवेरा २०१७ मध्ये, सुमो आणि ओम्नी २०१९ मध्ये बनायच्या बंद झाल्या. त्यामुळे काही गाड्यांना तो मिळणेही कठीण.

भंगारातला पार्ट घेण्यात कमीपणा काही नाही. नीट निवडलेला जुना अ‍ॅक्सल पुढे कित्येक वर्षे चालतो. पण हा आरसा किंवा दिव्याची काच नाही. टायर फुटला तर स्टेपनी असते, मुख्य ब्रेक दगा दिला तर हँडब्रेक हाताशी असतो. मागचा शाफ्ट हबजवळ तुटला तर काही गाड्यांत चाक ड्रमसकट बाहेर येते, आणि गाडीत आपलीच माणसे बसलेली असतात. म्हणून हा सौदा मिस्त्रीवर सोडून मोकळे होऊ नये, मालकाने स्वतः समजून घ्यावा.

अ‍ॅक्सल म्हणजे काय काय

गॅरेजमध्ये ज्याला 'हौसिंग' म्हणतात ती मधे फुगलेली, दोन्ही बाजूंना नळ्या असलेली लोखंडी पेटी. मधल्या फुगवट्यात क्राऊन आणि पिनियन हे दात असलेले जोड-गिअर आणि डिफरन्शियल. नळ्यांतून दोन्हीकडे एकेक शाफ्ट चाकापर्यंत जातो. टोकाला बेअरिंग, ऑइल सील आणि ब्रेकचा ड्रम. हे सगळे पाट्यांवर किंवा स्प्रिंगवर बसलेले असते, आणि पुढून प्रोपेलर शाफ्ट येऊन पिनियनला जोडलेला असतो.

शाफ्ट दोन प्रकारे बसतो. ट्रक आणि मोठ्या मालगाड्यांत गाडीचे वजन हौसिंगवरचा हब पेलतो, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. तिथे शाफ्ट तुटला तर गाडी जागेवर थांबते, चाक निघत नाही. चाकाच्या मधोमध बोल्टांचे वेगळे कडे दिसले तर तो हा प्रकार. लहान गाड्यांत बहुधा शाफ्टच वजनही पेलतो आणि चाक थेट त्याच्याच चकतीवर आवळलेले असते. धोका आहे तो इथे.

स्विफ्ट, वॅगन-आर, सँट्रो या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्या. त्यांच्या मागे गिअर नसतात, नुसता बीम असतो. त्यात पाहायचे ते एवढेच: बीम वाकलेला नाही ना, गंजून पातळ झालेला नाही ना, चाकाचा खुंट घासलेला नाही ना. बुश मात्र नवेच टाकावेत, आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावर शेवटचे आवळावेत. गाडी वर उचललेली असताना आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत बसतो आणि लवकर फाटतो.

आधी खात्री, मग खर्च

मागून आवाज आला की अ‍ॅक्सलच गेला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. गिअर टाकताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडताना एकच 'टक' असा ठोका येत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासून घ्या. तो खर्च अगदीच किरकोळ. गाडी ओढताना हुंकारासारखा सूर येतो आणि पाय सोडला की बदलतो किंवा बंद होतो, तर संशय क्राऊन-पिनियनवर. वेगाबरोबर वाढणारी सलग घरघर, वळणावर कमी-जास्त होणारी, ही बहुधा चाकाच्या बेअरिंगची. मागचे चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खुळखुळ जाणवेल. ब्रेक ड्रममध्ये तेल उतरले असेल तर सील गेले आहे, आणि लायनर तेलकट झाल्याने त्या बाजूचा ब्रेकही धरणार नाही.

बेअरिंग-सीलचे काम असेल तर अख्खा अ‍ॅक्सल बदलण्यात अर्थ नाही. शाफ्टवर बेअरिंगची जागाच घासली, हौसिंग वाकले किंवा क्राऊन-पिनियनचे दात तुटले, तर मात्र पूर्ण जुना अ‍ॅक्सल पुष्कळदा स्वस्त पडतो. एकटा जुना क्राऊन किंवा एकटे जुने पिनियन कुणी देऊ केले तर घेऊ नका. कारखान्यात ही जोडी एकमेकांशी जुळवून बनते आणि दोघांवर एकच जोडी-क्रमांक कोरलेला असतो. एक इथले, एक तिथले केले की आवाज येतो आणि दात लवकर जातात.

भंगारवाल्याकडे उभे राहून काय पाहायचे

आपल्याकडे शोध आधी यवतमाळ, पुसद, वणीतल्या भंगारवाल्यांपासून सुरू होतो. नाहीच मिळाले तर अमरावती, नागपूर, आणि पांढरकवड्याकडचे लोक हैदराबादच्या रस्त्यालाही लागतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या पार्टसाठी प्रसिद्ध आहेच. लांबून पार्सलने मागवण्यात एक अडचण आहे: खाली लिहिलेल्यापैकी बहुतेक गोष्टी फोटोत दिसत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचे ते गुणोत्तर. एकाच नावाच्या गाडीत इंजिन आणि साल बदलले की क्राऊन-पिनियनचे दात बदललेले असू शकतात. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ९ दात असतील तर गुणोत्तर ४.५६. क्राऊनला ३७ आणि पिनियनला ९ असतील तर ४.११. बाहेरून दोन्ही हौसिंग सारखीच दिसतील. ४.५६ च्या जागी ४.११ बसवले तर चाकावरची ओढ दहा टक्क्यांच्या आसपास कमी होते, भरलेली गाडी घाटात धापा टाकते. मीटरची केबल गिअरबॉक्समधून निघत असेल तर मीटरही खोटे बोलते: गाडी ६० ने धावत असताना काटा ५४ दाखवेल. चारही चाके ओढणाऱ्या जीपमध्ये पुढचे आणि मागचे गुणोत्तर जुळले नाही तर ट्रान्सफर केसच धोक्यात येते.

मोजायला उघडावे लागत नाही. सुटा अ‍ॅक्सल असेल तर एका बाजूचा ड्रम कुणाला तरी घट्ट धरायला सांगा, दुसरा ड्रम पूर्ण दोन फेरे फिरवा आणि पिनियनच्या चकतीवर खडूची खूण करून ती किती फेरे फिरली ते मोजा. येईल तो आकडा म्हणजे गुणोत्तर. एक चाक धरलेले असल्यामुळे दुसऱ्याला दोन फेरे द्यावे लागतात, हे विसरले तर उत्तर निम्मे येते. अधिक नेमके हवे असेल तर वीस फेरे फिरवा आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा. आपल्या गाडीवर हेच एक चाक जॅकवर आणि दुसरे जमिनीवर ठेवून, न्यूट्रलमध्ये, प्रोपेलर शाफ्टवर खूण करून करता येते. मात्र पुढच्या चाकांना आधी ओट लावा. सातवीतल्या मुलाला सोबत घेतले तरी चालेल, गुणोत्तराचा धडा पुन्हा शिकवावा लागणार नाही.

त्यानंतर तेल. खालचा नट खोलायला सांगा. चुंबकावर करडा लगदा असणे ही रोजची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर तिथेच सलाम करून निघा. तेल दुधी दिसले तर आत पाणी गेले आहे. २०२३ च्या जुलैत यवतमाळ शहर आणि महागाव भागात पूर आला, तशा पुरात बुडालेल्या गाडीचे सामानही पुढे भंगारात येते. हौसिंगच्या वरच्या श्वासनळीतून पाणी आत शिरते, आणि महिनोन्महिने पडून राहिले की बेअरिंगांवर गंजाचे खड्डे पडतात. हाताने फिरवताना खरखर लागली तर समजून जा. तेलच नाही, सगळे गळून गेले, असा अ‍ॅक्सल किती काळ कोरडा फिरला हे कुणालाच ठाऊक नसते.

शाफ्ट बाहेर काढून दाखवायला लावा. विक्रेता कुरकुर करील, पण यात भीड नको. आतल्या टोकाचे खाचे सरळ रेषेत हवेत. पिळल्यासारखे तिरके दिसले तर त्या शाफ्टने क्षमतेपेक्षा जास्त ओझे ओढले आहे, तो पुढे तुटणार. कापसाच्या हंगामात गाड्या कशा भरल्या जातात हे आपण सगळे पाहतो, त्यामुळे इथल्या मालगाडीतून निघालेल्या शाफ्टकडे दोनदा पाहावे. बेअरिंग बसते ती जागा गुळगुळीत हवी, तिथे नखाला अडणारी खाच नको. निळसर डाग म्हणजे लोखंड तापलेले होते.

हौसिंगवर वेल्डिंगची शिवण शोधा, विशेषतः टोकाजवळ आणि पाट्याच्या बैठकीजवळ. रंग ताजा मारलेला असेल तर खरवडून पाहा. वाकलेपण ओळखायला दोन्ही चाके बसवून टायरांमधले अंतर हबच्या उंचीवर पुढून आणि मागून टेपने मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. फरक दिसला तर चाके फिरवून पुन्हा मोजा, कारण कधीकधी दोष रिमचा असतो. एकूण रुंदी, चाकाच्या बोल्टांची संख्या, ब्रेकचा आकार, हँडब्रेक केबलची जागा हेही जुन्याशी ताडून घ्या. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. अशा गाडीला सेन्सरची चकती नसलेला अ‍ॅक्सल बसवला तर एबीएस निकामी होते.

बिल आणि ऐब

भंगारात लोखंड किलोवर जाते, चालू पार्ट नगावर. त्यामुळे भावात घासाघीस होणारच. पण बिल मात्र सोडू नका. बिलावर विक्रेत्याचे नाव-पत्ता, पार्टचे वर्णन आणि तो ज्या गाडीतून निघाला तिचा नंबर लिहून घ्या. अ‍ॅक्सलवर चेसिस नंबर नसतो, म्हणून चोरीच्या गाडीचा माल यातून सहज फिरतो. मेरठचा सोतीगंज बाजार याच कारणाने बदनाम झाला आणि २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बंद पाडला. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानायला कारण असताना घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रे सुरू झाली आहेत, तिथल्या मालाचा कागद जास्त भरवशाचा.

त्याच मॉडेलचा अ‍ॅक्सल बसवला तर आरसी बुकात काही बदलत नाही. दुसऱ्याच गाडीचा अ‍ॅक्सल कापून-जोडून बसवणे हा मात्र बदल ठरतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतो. पार्ट सदोष निघाला तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी चालवणाराही तिथे ग्राहकच मानला जातो, पण बिल नसेल तर सांगायला काय उरते?

या धंद्यात आपल्या बिरादरीचे लोक दोन्ही बाजूंना आहेत, म्हणून शरीयतची बाजूही सांगायला हवी. धान्याच्या ढिगात आत ओल लपवलेली हाताला लागली, तेव्हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्या विक्रेत्याला सुनावले, ही सहीह मुस्लिममधली हदीस सर्वांना माहीत आहे. तडा रंगाखाली झाकणे आणि ओले धान्य खाली दाबणे यात फरक तो काय? फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' आहे: विक्रीआधीचा लपलेला दोष नंतर सापडला तर ग्राहक माल परत करू शकतो. पण दोष कळल्यावरही तो वापरत राहिला तर हा हक्क जातो, ग्राहकाने मान्य केले असे समजले जाते. 'जैसा है वैसा' म्हणून विकणे हनफी फिकहमध्ये चालते. मात्र ठाऊक असलेला ऐब दडवायला हे वाक्य ढाल म्हणून वापरणे ही फसवणूक आहे. वाद झालाच तर आधी मुकामी आलिमांकडे बसून तो मिटू शकतो. त्यासाठी खरेदीच्या वेळीच 'बसवून पाहिल्यावर इतक्या दिवसांत परत' हे बिलावर लिहून घेतलेले बरे.

बसवताना

हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो. म्हणजे मागचा अ‍ॅक्सल काढताना गाडी धरून ठेवणारे काही नसते. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावा आणि गाडी चेसिसखाली मजबूत लोखंडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, कामावरचा पोऱ्या तर नाहीच.

चाकाचे बेअरिंग, ऑइल सील आणि यू-बोल्ट नवे टाका. जुन्या अ‍ॅक्सलसोबत आलेले 'अजून चालतील' असे कुणी म्हटले तरी. जे बेअरिंग दोनशे किलोमीटरवर आवाज करू लागेल, त्याच्यासाठी पुन्हा मजुरी भरणे परवडत नाही. पाट्याच्या मधल्या बोल्टचे डोके हौसिंगच्या बैठकीतल्या भोकात नीट बसले पाहिजे, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी एका बाजूला ओढते. पिनियनचा नट मिस्त्रीला उगाच आवळू देऊ नका. त्याच्या आवळण्यावर आतल्या बेअरिंगचा ताण ठरलेला असतो.

श्वासनळी साफ करा. ती बुजली की आतला दाब सील फोडून तेल ब्रेकवर आणतो. तेल जीएल-५ दर्जाचे, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जाडीचे, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत भरा. ब्रेकचा पाइप सुटलेला असल्याने हवा काढून ब्रेक नीट धरतात ना, हे रिकाम्या रस्त्यावर आधी पाहा. शाळेची मुले किंवा घरची माणसे बसवणे त्यानंतर. पाचेकशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट आणि चाकाचे नट पुन्हा आवळा आणि सीलपाशी तेल आले आहे का ते बॅटरी लावून पाहा. पहिले तेल हजारेक किलोमीटरवर काढून टाका आणि त्याच वेळी चुंबकावर काय आले आहे तेही बघून घ्या.