आमून: लपलेला देव आणि त्याचा कौल

मागच्या व्याख्यानात आपण ओसायरिस पाहिला, मेलेल्यांचा राजा. आजचा देव मात्र जिवंत माणसांच्या भानगडींत पडणारा आहे. आमून. नावाचा अर्थच मुळी ‘लपलेला’.

आमून हा थीब्जचा, म्हणजे आजच्या लक्झरचा, स्थानिक देव. इ.स.पू. १५५० च्या सुमारास थीब्जच्या राजांनी हिक्सोस लोकांना हाकलून लावलं, आणि राजांबरोबर त्यांचा देवही मोठा झाला. सूर्यदेव ‘रा’ याच्याशी तो आधीच जोडला गेला होता; आता आमून-रा देवांचा राजा झाला. मध्ये अखेनातेननं त्याचं नाव भिंतींवरून छिन्नीनं खरवडून काढलं, अगदी स्वतःच्या वडिलांच्या, आमेनहोतेपच्या, नावातूनसुद्धा! ते पुन्हा कोरलं गेलं. तिसऱ्या रामसेसच्या काळातली देवस्थानांची मोजदाद ब्रिटिश म्युझियममधल्या ४० मीटरहून लांब पपायरसवर आहे. त्यात थीब्जच्या आमूनच्या नावावर ८१ हजारांवर माणसं आणि ४ लाखांवर जनावरं मांडली आहेत. माणसं आणि जनावरं एकाच यादीत, हे लक्षात घ्या.

मग एवढ्या बड्या देवाला साधा माणूस भेटणार कुठे? गाभाऱ्यात राजा आणि पुजारी सोडून कुणाला प्रवेश नाही. मूर्तीला वस्त्रं, धूप, नैवेद्य, सगळं बंद दाराआड. पण ओपेतच्या उत्सवात देव बाहेर पडायचा. होडीच्या आकाराची पालखी पुजाऱ्यांच्या खांद्यावर, कार्नाकहून लक्झरपर्यंत, जेमतेम ३ किलोमीटर. मूर्ती तेव्हाही झाकलेलीच. पण लोक प्रश्न विचारत, आणि पालखी पुढे आली तर ‘हो’, मागे सरली तर ‘नाही’. कोकणातल्या मंडळींना ‘कौल’ हा शब्द समजावून सांगायला नको.

चौथ्या रामसेसच्या काळातली एक हकीकत पपायरसवर टिकून राहिली आहे. आमेनेमविया नावाच्या सेवकाचे पाच कपडे चोरीला गेले. तो ओपेतच्या वेळी आपल्या भागातल्या आमूनपुढे उभा राहिला आणि गावातल्या लोकांची नावं वाचत गेला. एका शेतकऱ्याच्या नावाला देवानं मान डोलावली. शेतकरी देवासमोरच म्हणाला, खोटं आहे! मग तो दुसऱ्या ठिकाणच्या आमूनकडे गेला. तिथेही तोच कौल. तिसऱ्या आमूननंही तेच सांगितलं. एकच देव, तरी त्याच्यावर अपील चालायचं, हे आम्हाला फार बोलकं वाटतं. शेवटी मार बसल्यावर शेतकऱ्यानं चोरी कबूल केली.

आता मारामुळे आलेल्या कबुलीवर किती विश्वास ठेवायचा, हे तुम्हीच ठरवा. आम्हाला खुपतं ते वेगळंच. पालखीचे भोई पुजारीच होते, म्हणजे देवाला पुढेमागे करणारे खांदेही त्यांचेच. पुढे इ.स.पू. १०८० च्या आसपास हेरिहोर नावाच्या आमूनच्या महापुजाऱ्यानं कार्नाकच्या भिंतीवर आपलं नाव राजासारखं चौकटीत कोरून घेतलं.