दंगल : एका शब्दाची दोन टोके

१

मराठीत 'दंगल' हा शब्द दोन वेगळ्या घटनांसाठी वापरला जातो. मानोऱ्यासारख्या वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी 'उद्या दंगल आहे' असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भुसभुशीत केलेली माती, जोड लावणारे पंच, इनामाची रक्कम आणि भोवताली दाटलेले प्रेक्षक उभे राहतात. हाच शब्द वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर आला की त्याचा अर्थ जाळपोळ, पळापळ आणि संचारबंदी असा होतो. १९९२-९३ मधील मुंबईच्या घटनांसाठी मराठी माणसाने हाच शब्द वापरला. एका दंगलीला लोक मुलाबाळांसह जातात. दुसरीच्या नुसत्या वार्तेने दारे लावून घेतात.

हा केवळ कोशातील अनेकार्थतेचा प्रकार मानून सोडून देण्यासारखा नाही. दोन्ही अर्थांच्या मुळाशी एकच दृश्य आहे: एका देहाने दुसऱ्या देहावर बळ वापरणे. तेच बळ एका ठिकाणी विद्या ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी गुन्हा. हे कशामुळे घडते, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर 'नियमांमुळे' असे आहे. हायझिंगा यांनी १९३८ मध्ये 'होमो लुडेन्स'मध्ये खेळाची जी व्याख्या केली तिचा भर स्वतंत्र स्थळ, स्वतंत्र काळ आणि स्वेच्छेने स्वीकारलेले नियम यांवर आहे. परंतु नियम युद्धालाही असतात, फाशीलाही असतात. नियमांचे अस्तित्व हे खेळाचे आवश्यक लक्षण असले तरी पुरेसे लक्षण नव्हे. नियमांनी कोणता शेवट गृहीत धरला आहे, हे पाहावे लागते. पराभूत मनुष्य पराभूत म्हणूनच परत जाऊ शकेल आणि पुन्हा आव्हान देऊ शकेल, अशी सोय ज्या द्वंद्वात आधीच केलेली असते तेच द्वंद्व खेळ होय. खिलाडूवृत्ती म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या या परतीची जबाबदारी स्वतःवर घेणे. मल्लविद्या आणि मुष्टियुद्ध यांचा इतिहास या दृष्टीने वाचला असता दोहोंमधील अंतरही स्पष्ट होते.

२

मराठी मनातील द्वंद्वाची प्रतिमा भीमाने घडवली आहे. महाभारतात भीमाची जी तीन द्वंद्वे या प्रश्नाच्या संदर्भात विचारात घ्यावी लागतात, ती तीन वेगळ्या व्यवस्थांची उदाहरणे आहेत.

पहिले द्वंद्व विराटनगरीतील जीमूत मल्लाशी झालेले. अज्ञातवासाच्या चौथ्या महिन्यात ब्रह्मदेवाच्या उत्सवासाठी दिशादिशांहून मल्ल जमतात. जीमूताच्या आव्हानाला कोणी पुढे येत नाही, तेव्हा राजा आपल्या बल्लवाला आखाड्यात उतरवतो. ओळख उघड होण्याच्या भयाने भीम नाखुशीने उतरतो. येथे रंगभूमी आहे, प्रेक्षक आहेत, यजमान आहे आणि नंतर बक्षिसेही आहेत. बाह्य लक्षणांनी पाहता हा पूर्णपणे खेळ आहे. तथापि त्याचा शेवट जीमूताच्या मृत्यूत होतो आणि त्या मृत्यूने उत्सवाचा रसभंग झाल्याचे कोणालाही वाटत नाही. विराट प्रसन्न होतो.

दुसरे द्वंद्व कीचकाचे. दिवसा मुलींच्या नृत्याने गजबजणारी आणि रात्री ओस पडणारी नर्तनशाळा हे त्याचे स्थळ. येथे प्रेक्षक नाही, पंच नाही, प्रकाशही नाही. प्रेताचे हात कोठे, पाय कोठे, मस्तक कोठे हेही ओळखता येऊ नये असा हा वध आहे. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याचे नाव लोकपरंपरा कीचकाशी जोडते. भीमाने कीचकाचे प्रेत तेथील दरीत लोटले आणि कुंडात हात धुतले, असे ती सांगते. म्हणजे वऱ्हाडच्या उत्तर सीमेवर या द्वंद्वाला भूगोलही लाभलेला आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात कर्झनला पाहिले, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. सरकारचे आकलन साहित्यदृष्ट्या चुकीचे नव्हते. कीचकाशी झालेली झुंज सामना नव्हती, तो न्यायनिवाडा होता. आणि न्यायनिवाड्यात पराभूताच्या परतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

तिसरे द्वंद्व गदायुद्धाचे. येथे नियम स्पष्ट आहे: नाभीखाली प्रहार करू नये. दोन्ही योद्ध्यांचा गुरू बलराम साक्षीला हजर आहे. कृष्णाच्या सूचनेवरून अर्जुन मांडीवर थाप मारतो आणि भीम दुर्योधनाच्या मांड्या फोडतो. बलराम संतापून नांगर उचलतो. कृष्ण त्याला आवरतो. पंचाचा निर्णय येथे बळाने व युक्तिवादाने निष्प्रभ केला जातो. महाभारताचे मोठेपण असे की ते भीमाच्या प्रतिज्ञेला न्याय देते आणि बलरामाच्या क्रोधालाही खोटे ठरवत नाही. द्यूतसभेतील अपमानाचे स्मरण असलेल्या माणसाकडून खिलाडूवृत्तीची अपेक्षा करता येईल काय, हा प्रश्न ती संहिता उघडा ठेवते.

या तिन्ही प्रसंगांतून एक गोष्ट निष्पन्न होते. प्रेक्षक असले म्हणून द्वंद्व खेळ होत नाही, हे जीमूत सांगतो. नियम आणि पंच असले तरीही ते पुरत नाहीत, हे दुर्योधन सांगतो. तिन्ही ठिकाणी उणीव एकच आहे: जिवंत पराभवाची कल्पनाच तेथे नाही.

३

ही कल्पना संस्थारूप कशी घेते याचा एक महत्त्वाचा पुरावा कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त आहे. बाराव्या शतकातील हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना त्यातील प्राचीन मराठी पंक्तींमुळे परिचित आहे. परंतु त्यातील विनोदांचे प्रकरणही तितकेच मोलाचे आहे. सोमेश्वर मल्लविद्येला 'युद्ध' न म्हणता 'विनोद' म्हणतो. मल्लांची ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल अशी प्रतवारी करतो, त्यांच्या आहाराची व सरावाची व्यवस्था लावतो. प्रतवारी म्हणजे जोड लावण्याचे शास्त्र. असमान जोड लागली की सामन्याचा वध होतो, हे ती मूकपणे मान्य करते.

परंतु याच ग्रंथात मल्लविनोदाच्या शेजारी अंकविनोद, म्हणजे सशस्त्र द्वंद्वाची करमणूक, आहे. आणि पुढे कोंबडे, लावे, मेंढे व रेडे यांच्या झुंजी आहेत. राजाच्या आसनावरून पाहता मल्ल आणि मेंढा एकाच क्रमवारीत बसतात. प्रेक्षकाचा विनोद आणि मल्लाचा विनोद या दोन गोष्टी एक नव्हेत, याची जाणीव अद्याप तेथे नाही. खेळाडूच्या बाजूने खेळाचा विचार होण्यास बराच काळ जावा लागला.

तो काळ किती लांबला हे बडोद्यावरून दिसते. १८६० च्या दशकाच्या मध्यास फ्रेंच प्रवासी लुई रूसले खंडेराव गायकवाडांच्या दरबारी राहिला. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात तेथील एका द्वंद्वाचे वर्णन आहे. मुठीत शिंगाच्या नख्या बांधलेले आणि भांगेने उत्तेजित झालेले दोन मल्ल परस्परांना रक्तबंबाळ करतात आणि महाराज ते तल्लीनतेने पाहतात. याला पौर्वात्य क्रौर्य म्हणून बाजूला सारण्यापूर्वी त्याच दशकातील लंडन पाहणे उचित ठरेल. तेथे उघड्या मुठींच्या लढती अद्याप चालू होत्या. १७४३ च्या ब्रॉटनच्या नियमांनी खाली पडलेल्याला मारू नये एवढे ठरवले होते. पण पडलेला पुन्हा उभा राहू शकत असेपर्यंत लढत संपत नसे. क्वीन्सबेरी नियम प्रसिद्ध झाले ते १८६७ मध्ये. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती आणि पडलेल्याला उठण्यासाठी दहा सेकंद ही त्यांची कलमे. बडोदे आणि लंडन यांत त्या घटकेला संस्कृतींचे अंतर फारसे नव्हते. एक व्यवस्था मावळत होती आणि दुसरी जन्माला येत होती, इतकेच.

महाराष्ट्रात ही दुसरी व्यवस्था प्रामुख्याने कुस्तीच्या द्वारे आली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधले. १९१४ मध्ये अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि १९३६ मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षापासून बडोद्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड निघू लागले. १९४९ पर्यंत त्यांची संख्या दहा झाली. ज्या नगरीत नख्यांची कुस्ती राजाच्या डोळ्यांसाठी होत असे, तेथेच पाऊणशे वर्षांनी व्यायाम हा कोशाचा, म्हणजे वाचकाच्या ज्ञानाचा विषय झाला.

४

येथे कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांच्या अंतर्गत रचनेतील भेद लक्षात घ्यावा लागतो. मातीतील कुस्तीचा निकाल पाठ लागण्याने होतो. पराभवाची खूण जमिनीवर उमटते, देहावर उमटण्याची गरज नसते. मल्ल शुद्धीवर असताना, हातपाय शाबूत असताना हरू शकतो. 'अस्मान दाखवणे' हा वाक्प्रचार या रचनेचे अचूक वर्णन करतो. पराभूताला आकाश दिसते; अर्थात तो पाहू शकतो. निकाल लागत नसेल तर कुस्ती 'बरोबरीत सोडवली' जाते. 'सोडवणे' हे क्रियापद पंचाचे काम काय आहे हे सांगून जाते. कुस्तीत मान मोडते, प्रसंगी जीवही जातो. पण ते कुस्तीच्या उद्दिष्टात नसते.

मुष्टियुद्धात गुणांनी जिंकता येते हे खरे. तथापि त्याचा परिपूर्ण विजय म्हणजे प्रतिस्पर्ध्याची शुद्ध हरपणे. खेळाचा आदर्श शेवट आणि इजा या दोन गोष्टी तेथे एकच आहेत. म्हणून मर्यादा देहाबाहेरून आणावी लागते: मोजे, घंटा, अंकगणना, वैद्य, कोपऱ्यातून फेकला जाणारा पंचा. यांतील प्रत्येक गोष्ट म्हणजे पराभूताच्या परतीची उसनी सोय होय. ती अपुरी पडल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगास येथे रे मँसिनीबरोबरच्या लढतीत चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियन मुष्टियोद्धा किम डुक-कू काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर जागतिक लढतींच्या फेऱ्या पंधरावरून बारावर आणल्या गेल्या. येथे मँसिनीने कोणताही नियम मोडला नव्हता. नियमाच्या आत राहूनही सीमा ओलांडली जाऊ शकते, ही या घटनेची बोच आहे.

याहून अवघड मुद्दा काळाचा आहे. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच वारंवार ठोसे खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले होते. हातमोजा डोक्यापेक्षा हाताचेच रक्षण अधिक करतो. मोडण्याची भीती गेल्याने मूठ डोक्यावर अधिक वेळा चालते. म्हणजे दहा आकड्यांच्या आत उठलेला, प्रतिस्पर्ध्याला आलिंगन देऊन घरी गेलेला मनुष्य वीस वर्षांनी परत येऊ शकलेला नसतो. बार्थ यांनी 'मिथॉलॉजीज'मध्ये मुष्टियुद्धाला प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत रचली जाणारी कथा म्हटले आहे. या कथेचा शेवट मात्र बहुधा प्रेक्षकांच्या डोळ्यांआड घडतो. रिंगणात दाखवलेली खिलाडूवृत्ती खरी असते, पण तिची मुदत सामन्यापुरती असते.

मराठी भाषेने हा भेद आपल्या परीने नोंदवलेला दिसतो. दंड थोपटणे, शड्डू ठोकणे, चितपट करणे, धोबीपछाड, नूरा कुस्ती असे कितीतरी कुस्तीचे शब्द राजकारणात आणि वाङ्मयीन वादांतही सहज रुळले. मुष्टियुद्धाने भाषेला असे काही दिले नाही. ठोसा आणि गुद्दा भांडणातच राहिले. ज्या द्वंद्वातून दोघेही परततात त्याचीच रूपके वादसंवादाला उपयोगी पडतात. टीकाकाराने कवीला चितपट केले असे म्हणता येते, कारण पुढच्या अंकात कवी उत्तर देणार आहे हे सर्वांना ठाऊक असते.

५

असे असले तरी कुस्तीची मर्यादा कायमची सुरक्षित झाली आहे असे मानण्याचे कारण नाही. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पाठ लागली की नाही यावरून वाद झाला. पराभूत ठरवलेल्या मल्लाने पंचाला लाथ मारली. पुढच्या लढतीतही निर्णयावरून गोंधळ झाला आणि दोन मल्लांवर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली. पंचाचा निर्णय बरोबर होता की चूक, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी दुय्यम आहे. खांदे मातीला लागले हे माती बोलून सांगत नाही. कोणाला तरी ते पाहून सांगावे लागते. त्या सांगण्यावरील विश्वास उडाला की बलरामाचा नांगर पुन्हा वर उचलला जातो. म्हणून पंचाने चुकीची दाद ऐकून घेणे आणि मल्लाने दाद मागतानाही हात आवरणे, ही दोन्ही एकाच विश्वासाची अंगे आहेत. त्यांपैकी एक मोडले की दुसरे टिकत नाही.

कुस्तीची दंगल आणि रस्त्यावरची दंगल यांच्यामध्ये भिंत नाही. एक करार आहे, आणि तो प्रत्येक जोडीला नव्याने करावा लागतो. समोरच्याला हरवायचे, पण त्याला पुढच्या वर्षी पुन्हा आव्हान देता येईल इतके शाबूत ठेवायचे, हा तो करार. रस्त्यावरच्या दंगलीत हे दुसरे कलम नसते. मराठीने दोहोंना एकच नाव ठेवले यात शब्दांची टंचाई दिसत नाही. एका अर्थाचा दुसऱ्या अर्थात पालट होण्यास किती थोडे पुरते, याची आठवण तो शब्द राखून आहे.