अतिसार आणि जलसंजीवनी : घरच्या घरी कोणती काळजी घ्यावी?

अतिसार अर्थात जुलाब हा आपल्याकडे अगदी सामान्य समजला जाणारा विकार आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या प्रारंभी पिण्याचे पाणी दूषित होऊ लागले की त्याचे प्रमाण वाढते. बहुतेक रुग्ण काही दिवसांत बरे होतात, त्यामुळे या आजाराकडे दुर्लक्ष होते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४० हजार बालके अतिसाराने दगावतात. यांपैकी बऱ्याच मृत्यूंचे कारण शरीरातील पाणी व क्षार कमी होणे, म्हणजेच निर्जलीकरण हे असते. वेळीच आणि योग्य रीतीने उपाय केल्यास हे मृत्यू टाळता येतात. त्यासाठी लागणारे जलसंजीवनीचे पाकीट अत्यंत स्वस्त असून शासकीय आरोग्य केंद्रांत ते विनामूल्य मिळते.

अतिसार कशाला म्हणावे?

चोवीस तासांत तीन किंवा त्याहून अधिक वेळा पातळ शौचास होणे, याला वैद्यकीय भाषेत अतिसार म्हणतात. केवळ अंगावरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला दिवसातून अनेकदा मऊ शी होते, तो आजार नव्हे. नेहमीच्या तुलनेत शौचाची संख्या आणि पातळपणा अचानक वाढला, तर मात्र तो अतिसार समजावा. बाळाला दात येत असल्यामुळे जुलाब होतात, ही समजूत अनेक घरांत आढळते. वास्तविक या वयात मूल हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालते आणि त्यातून जंतुसंसर्ग होतो. दातांचे निमित्त सांगून उपचार लांबवणे धोक्याचे आहे.

जलसंजीवनी कसे कार्य करते?

जुलाब सुरू असताना आतड्यांतून पाणी आणि सोडियम मोठ्या प्रमाणात बाहेर पडते. अशा वेळी नुसते पाणी प्यायल्यास ते पुरेसे शोषले जात नाही आणि गेलेले क्षारही भरून निघत नाहीत. परंतु आतड्याच्या आतील अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज एकत्रितपणे शोषून घेण्याची व्यवस्था असते. अतिसारातही ही व्यवस्था बहुतांशी शाबूत राहते. ग्लुकोजबरोबर सोडियम आत जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. जलसंजीवनीतील साखर ही चवीसाठी किंवा ताकदीसाठी नसून पाणी शोषले जावे यासाठी असते. म्हणूनच साखर आणि मीठ यांचे प्रमाण अचूक असणे महत्त्वाचे ठरते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ साली सुधारित सूत्र स्वीकारले. त्यानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. पूर्वीच्या द्रावणाची तीव्रता लिटरमागे ३११ मिलिऑस्मोल होती, ती या सूत्रात २४५ पर्यंत उतरवण्यात आली. त्यामुळे उलट्या आणि जुलाबांचे प्रमाण घटते, तसेच शिरेवाटे सलाईन देण्याची गरजही कमी भासते, असे आढळून आले.

बनगावच्या छावणीतील अनुभव

या साध्या उपायाची मोठी कसोटी भारतातच लागली. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांमध्ये पटकीची साथ पसरली. सीमेजवळच्या बनगाव येथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळील सलाईनचा साठा संपत आला होता. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांकडेच सोपवण्यात आले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. प्रशिक्षित डॉक्टर उपलब्ध नसतानाही आई-वडील आपल्या मुलाचा जीव वाचवू शकतात, हे या अनुभवाने सिद्ध झाले. डॉ. महालनबीस यांचे २०२२ साली निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर करण्यात आले.

द्रावण कसे तयार करावे?

प्रथम साबणाने हात स्वच्छ धुवावेत. पाकिटावर किती पाणी घ्यावे हे छापलेले असते, ते नीट वाचावे. मोठे पाकीट साधारणतः एक लिटर पाण्यासाठी, तर लहान पाकीट २०० मिलिलिटर पाण्यासाठी असते. उकळून थंड केलेले किंवा पिण्यायोग्य स्वच्छ पाणी मोजून घ्यावे आणि संपूर्ण पाकीट एकाच वेळी त्यात विरघळवावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेलाभर पाण्यात टाकणे, ही नेहमी आढळणारी चूक आहे. पाणी कमी पडल्यास द्रावण अतितीव्र होऊन बालकाच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. पाणी जास्त झाल्यास क्षारांची उणीव भरून निघत नाही.

द्रावणात साखर, दूध, फळांचा रस किंवा शीतपेय मिसळू नये आणि ते उकळू नये. तयार द्रावण झाकून ठेवावे व चोवीस तासांच्या आत वापरावे. उरलेले टाकून देऊन दुसऱ्या दिवशी नवे तयार करावे.

पाकीट मिळेपर्यंत घरीही द्रावण करता येते. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून चांगले ढवळावे. द्रावणाची चव अश्रूंपेक्षा अधिक खारट लागता कामा नये. या द्रावणात पोटॅशियम नसते, म्हणून पाकीट मिळताच तेच सुरू करावे. भाताची मीठ घातलेली पेज, डाळीचे पाणी आणि ताक यांचाही उपयोग होतो.

किती आणि कसे पाजावे?

प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिलिलिटर, तर दोन ते दहा वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर द्रावण द्यावे. त्याहून मोठ्या व्यक्तींनी तहान भागेल तितके प्यावे. लहान मुलास बाटलीऐवजी वाटी-चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा याप्रमाणे पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरुवात करावी. एक उलटी झाली म्हणून द्रावण बंद करू नये, कारण थोडे-थोडे दिलेले बरेचसे पाणी पोटात टिकून राहते.

जलसंजीवनीने जुलाब तत्काळ थांबत नाहीत, ही बाब पालकांनी समजून घेणे आवश्यक आहे. शरीरातून गेलेले पाणी भरून काढणे हे तिचे कार्य आहे. दुसऱ्या दिवशीही जुलाब सुरू आहेत, तेव्हा औषध लागू पडले नाही, असे समजून ते सोडून देणे हेच अनेकदा घातक ठरते. मूल सावध असून पीत असल्यास सलाईन लावण्याचा आग्रह धरण्याचेही कारण नाही. तोंडाने दिलेले द्रावण अशा वेळी तितकेच परिणामकारक असते.

जस्ताच्या गोळ्या आणि आहार

जलसंजीवनीच्या जोडीला बालकांना जस्त, म्हणजेच झिंक देण्याची शिफारस २००४ सालापासून करण्यात येत आहे. भारतातील मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते सहा महिन्यांच्या बालकास रोज १० मिलिग्रॅम आणि सहा महिन्यांवरील बालकास रोज २० मिलिग्रॅम याप्रमाणे १४ दिवस झिंक द्यावे. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करावेत. त्यामुळे आजाराचा कालावधी घटतो आणि पुढील काही महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते.

जुलाबात पोटाला विश्रांती द्यावी, या समजुतीने मुलास उपाशी ठेवले जाते. हे अयोग्य आहे. अंगावरचे दूध अधिक वेळा पाजावे. मोठ्या मुलास मुगाची मऊ खिचडी, दहीभात, केळे असा नेहमीचा पचण्यास हलका आहार थोडा-थोडा द्यावा. आजार बरा झाल्यावर झीज भरून येण्यासाठी काही दिवस एक वेळचे जेवण वाढवावे.

काय टाळावे?

जुलाब बांधणारी लोपरामाइडसारखी औषधे लहान मुलांना देऊ नयेत. आतड्यांची हालचाल मंदावून पोट फुगणे आणि गुंगी येणे असे दुष्परिणाम त्यातून संभवतात. प्रतिजैविकेही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मुलांमधील अनेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. शौचातून रक्त पडणे किंवा पटकीचा संशय असणे अशा मोजक्या परिस्थितींतच डॉक्टर ती देतात.

शीतपेये, बाटलीबंद गोड रस आणि खेळाडूंसाठीची पेये हा जलसंजीवनीला पर्याय नाही. त्यांतील अतिरिक्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढू शकतात. अशा काही पेयांच्या वेष्टनावर ‘ओआरएस’ ही अक्षरे छापलेली असत, त्यामुळे ग्राहकांची दिशाभूल होत होती. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश काढून अन्नपदार्थ व पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. ग्राहकांनी औषधाच्या दुकानातून पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आणि घटकांचे प्रमाण आहे ना, हे पाहून घ्यावे.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे :

• मूल सुस्त किंवा बेशुद्ध होणे, अथवा पिण्यास असमर्थ असणे
• डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, तान्ह्या बाळाची टाळू खोल जाणे
• पोटावरील कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश पूर्ववत होणे
• सहा ते आठ तास लघवी न होणे
• शौचातून रक्त पडणे, तीव्र ताप किंवा सतत उलट्या
• भाताच्या पेजेसारखे, मोठ्या प्रमाणावर वारंवार जुलाब होणे
• जुलाब चौदा दिवस किंवा अधिक काळ टिकणे

दोन महिन्यांखालील अर्भकास जुलाब झाल्यास लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे आणि अंगावरचे दूध सुरू ठेवावे. रुग्णालयात नेत असताना वाटेतही, मूल पिऊ शकत असेल तर द्रावण पाजत राहावे.

वृद्धांना तहान कमी जाणवते, त्यामुळे त्यांच्यातील निर्जलीकरण लवकर लक्षात येत नाही. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला लवकर घ्यावा. मधुमेही रुग्णांनी साखरेच्या भीतीने जलसंजीवनी टाळू नये. मात्र रक्तातील साखर तपासत राहावे आणि नेहमीच्या औषधांच्या मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे.

प्रतिबंध कसा करावा?

पिण्याचे पाणी उकळून किंवा क्लोरिनने शुद्ध करून झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. स्वयंपाकापूर्वी, मुलास भरवण्यापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुवावेत. तान्ह्या मुलाची शीदेखील जंतुयुक्त असते, तिची विल्हेवाट शौचालयातच लावावी. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे. रोटाव्हायरस या विषाणूविरुद्धची तोंडावाटे द्यावयाची लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने समाविष्ट करण्यात आली. ती सहा, दहा आणि चौदा आठवडे पूर्ण होताच विनामूल्य दिली जाते.

आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्याकडे जलसंजीवनीची पाकिटे व झिंकच्या गोळ्या उपलब्ध करून दिल्या जातात. आजार सुरू झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा प्रत्येक घरात, विशेषतः लहान मूल किंवा वृद्ध व्यक्ती असलेल्या घरात, दोन-तीन पाकिटे आधीच आणून ठेवावीत. पहिल्या पातळ शौचानंतर लगेच द्रावण सुरू केल्यास बहुतेक मुलांमध्ये गंभीर निर्जलीकरणाची वेळच येत नाही.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी असून प्रत्यक्ष उपचारांसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)