काचेवरच्या पाण्याचा इतिहास

१/
गाडीचे बॉनेट उघडले की एका कोपऱ्यात प्लास्टिकची लहानशी टाकी दिसते. झाकणावर काच आणि तिच्यावर उडणारे कारंजे असे चित्र असते. आपल्याकडे बहुतेक जण तीत नळाचे पाणी ओततात आणि विसरून जातात. या दुर्लक्षित टाकीला मोठा इतिहास आहे, आणि त्यात एक जीवघेणा रोगही आहे. आजचा थ्रेड तिच्याविषयी. 🧵

२/
कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीला समोर काच नव्हतीच. आरंभीचे चालक डोळ्यांवर मोठे चष्मे आणि अंगावर लांब कोट चढवून धूळ सोसत. वेग वाढला तशी समोर काच आली. तिने वारा अडवला. पण चिखल, पाऊस आणि बर्फ तिच्यावरच साचू लागल्याने दृष्टीही अडली. पुढची सारी कथा ही अडलेली दृष्टी मोकळी करण्याची आहे.

३/
१९०२-०३ चा हिवाळा. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या रहिवासी मेरी अँडरसन न्यूयॉर्कला आल्या होत्या. बर्फमिश्रित पावसात ट्रामने जाताना त्यांनी पाहिले, की समोरचे दिसावे म्हणून चालकाने पुढची खिडकीच उघडी ठेवली आहे. रस्ता दिसण्यासाठी त्याला आणि उतारूंना थंडीत कुडकुडावे लागत होते.

४/
अँडरसन यांनी यावर साधे उत्तर शोधले. काचेच्या बाहेर रबराची पट्टी लावलेला दांडा आणि तो फिरवायला आत एक मूठ. पट्टी काचेला घट्ट चिकटून राहावी म्हणून वजनाची योजना होती. हवा चांगली असेल तेव्हा सारे काढून ठेवता येई. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळाले, क्रमांक ७,४३,८०१.

५/
पेटंट मिळाले, पैसा मात्र मिळाला नाही. कॅनडातील एका कंपनीने या वस्तूला बाजारमूल्य नाही असे कळवून ती नाकारली. १७ वर्षांची मुदत १९२० मध्ये संपली. आणि त्यानंतरच वायपर सर्रास दिसू लागले. अँडरसन १९५३ मध्ये वारल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक गौरव दालनात त्यांचे नाव लागले ते थेट २०११ मध्ये.

६/
१९१७ मध्ये शार्लट ब्रिजवूड या दुसऱ्या महिलेने विजेवर चालणाऱ्या, रुळांनी काच पुसणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मूकपटांतील तारका फ्लॉरेन्स लॉरेन्स ही त्यांची कन्या. तेही यंत्र व्यवहारात चालले नाही. कल्पना काळाच्या पुढे असली की ती सुचणाऱ्याच्या पदरी बहुधा नुसता कागद पडतो.

७/
त्याच सुमारास बफेलो शहरात जॉन ऑयशाय यांच्या मोटारीने पावसात एका सायकलस्वाराला धडक दिली. काचेतून तो दिसलाच नव्हता. या प्रसंगाने हादरलेल्या ऑयशाय यांनी काच पुसण्याच्या साधनांचाच उद्योग उभारला. पुढे तो ‘ट्रिको’ या नावाने जगभर पसरला. समोरचे न दिसणे म्हणजे गैरसोय नव्हे, अपघात आहे, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

८/
त्या काळातले पुष्कळसे वायपर इंजिनातील निर्वातावर चालत. यात एक मोठी खोट होती. चढावर किंवा दुसऱ्या वाहनाला ओलांडताना चालक ॲक्सिलरेटर दाबी, त्यासरशी निर्वात कमी होई आणि वायपर मंदावे. दृष्टीची गरज सर्वांत अधिक असे, नेमक्या त्याच क्षणी ती हरपे. पुढे विजेच्या मोटरने ही अडचण दूर केली.

९/
पण वायपरला पाणी हटवता येते, चिखल नव्हे. कोरड्या काचेवरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. त्यांवर रबर फिरले की काचेवर ओरखडे उमटतात. दिवसा ते जाणवत नाहीत. रात्री समोरच्या गाडीचा उजेड पडला की प्रत्येक ओरखडा प्रकाश विखुरतो आणि समोरचे दिसेनासे होते. म्हणून आधी पाणी, मग पुसणे.

१०/
१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही अमेरिकी गाड्यांत काचेवर पाणी उडवण्याची सोय आली. सुरुवातीला ती हौसेने, जादा पैसे मोजून घ्यायची वस्तू होती. कुठे इंजिनाचा निर्वात पाणी ओढी, कुठे हाताने किंवा पायाने दाबायचा पंप असे. बॉनेटखाली पाण्याची बरणी किंवा पिशवी, तिथून रबरी नळी आणि टोकाला बारीक नोझल.

११/
यातली सर्वांत मजेदार युक्ती फोक्सवॅगन बीटलची. तिचे इंजिन मागे, सामान ठेवायची जागा पुढे आणि तिथेच स्टेपनी. पुढच्या काळातल्या बीटलमध्ये पाणी उडवण्यासाठी या स्टेपनीतलीच हवा वापरली जाई. त्यासाठी तीत जास्त हवा भरावी लागे. आणि चाक अगदीच रिकामे होऊ नये म्हणून ठरावीक दाबाखाली वाट बंद करणारी झडप बसवलेली असे.

१२/
१ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत मोटारींना संघीय सुरक्षा मानके लागू झाली. त्यांतील १०४ क्रमांकाचे मानक काच पुसण्याविषयी आणि धुण्याविषयी आहे. हौसेची वस्तू तेव्हा सक्तीची झाली. मोटारीचा जन्म १८८६ चा धरला, तर या लहानशा टाकीला कायद्याची मान्यता मिळायला ८० हून अधिक वर्षे लागली.

१३/
याच दशकात रॉबर्ट कर्न्स या अभियंत्याने थांबून थांबून चालणारा वायपर तयार केला. १९५३ मध्ये शॅम्पेनचे बूच लागून त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. पापणी सतत लवत नाही, मध्ये थांबते. मग वायपर तसा का नसावा, हा त्यांचा प्रश्न. १९६७ मध्ये पेटंट मिळाले. पुढे फोर्ड आणि क्रायस्लर यांच्याशी त्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा दिला आणि १९९० च्या दशकात भरपाई मिळवली.

१४/
आता कथेचा दुसरा धागा. जुलै १९७६, फिलाडेल्फिया. ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन एका मोठ्या हॉटेलात भरले. परतल्यावर अनेकांना ताप आणि तीव्र न्यूमोनिया झाला. १८२ जण आजारी पडले, २९ दगावले. कारण कळेना. विषबाधेपासून घातपातापर्यंत सगळे तर्क लढवून झाले.

१५/
जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाला उत्तर सापडले: तोवर ओळखला न गेलेला एक जिवाणू. त्याला ‘लीजिओनेला’ हे नाव मिळाले. साचलेल्या कोमट पाण्यात तो वाढतो. लागण होते ती प्रामुख्याने श्वासावाटे, पाण्याच्या अतिसूक्ष्म तुषारांतून. वृद्ध, धूम्रपान करणारे आणि दुबळ्या प्रतिकारशक्तीचे लोक त्याला अधिक बळी पडतात.

१६/
साचलेले पाणी, कोमट हवा, बारीक फवारा. कुठे पाहिले आहे हे? इंग्लंडमध्ये वाहनचालकांत हा रोग अधिक आढळतो, असे लक्षात आले होते. तेथील संशोधकांनी २०१० मध्ये निष्कर्ष मांडला, की काच धुण्याच्या टाकीत नुसते पाणी भरणाऱ्यांना धोका जास्त. इंग्लंड व वेल्समधील अशा तुरळक रुग्णांपैकी सुमारे २० टक्क्यांचा संबंध या पाण्याशी असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता.

१७/
लहानशा प्राथमिक पाहणीत, नुसते पाणी असलेल्या पाच गाड्यांमागे एकीत या जिवाणूचा माग लागला. काच धुण्याचे द्रावण घातलेल्या गाड्यांत तो सापडला नाही. म्हणजे बाटलीभर द्रावणाने धोका पुष्कळ कमी होऊ शकतो. मात्र द्रावणालाही काळी बाजू आहे. पाणी गोठू नये म्हणून घातले जाणारे मिथेनॉल हे विष. काहींनी ते दारू म्हणून प्यायल्याने जीव गेले. म्हणून २०१८ च्या नियमाने युरोपीय संघाने सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या द्रावणांतील त्याच्या प्रमाणावर कडक मर्यादा घातली.

१८/
आपल्याकडे पुण्या-मुंबईत पाणी गोठण्याची भीती नाही. म्हणूनच द्रावणाची गरज कुणाला वाटत नाही. पण उन्हात उभ्या गाडीतले पाणी कोमट राहते, हे विसरता कामा नये. शिवाय विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असते. त्यातले क्षार नोझलच्या सुईएवढ्या भोकात साचतात आणि ऐन घाटात, समोरच्या ट्रकने चिखल उडवल्यावर, फवारा निघत नाही.

१९/
इतिहासातून निघणारी दिनचर्या साधी आहे. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, टाकी रिकामी करून स्वच्छ पाण्याने विसळावी. तळाशी जाळी असेल तर शेवाळ काढावे. नोझल बारीक सुईने हलक्या हाताने मोकळे करावे. मग शुद्ध केलेले पाणी आणि काच धुण्याचे द्रावण, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात भरावे. टाकी कोरडी असताना पंप चालवत राहू नये, तो जळतो.

२०/
कपडे धुण्याची पावडर घालू नये. फेस होतो आणि काचेवर पापुद्रा धरतो. इंजिनाचे कूलंट तर चुकूनही नको. काच चिकट होते आणि ते विषारीही असते. रबराची पट्टी कडक झाली किंवा चिरली असेल तर बदलावी. काचेला तंबाखू चोळण्याची जुन्या चालकांची युक्ती अडीअडचणीला ठीक; रोजची सोय म्हणून नव्हे.

२१/
ट्रामच्या उघड्या खिडकीतून बर्फाचा मारा सोसणारा तो न्यूयॉर्कचा चालक आठवा. त्याला जे हवे होते, ते आज आपल्या बोटाच्या एका दाबावर मिळते. त्यासाठी कुणी नकार पचवले, कुणी आयुष्यभर खटले लढवले. आपल्या वाट्याला फक्त टाकी स्वच्छ ठेवण्याचे काम आले आहे. येत्या रविवारी बॉनेट उघडाल तेव्हा तेवढे करा. लेखनसीमा. 🙏