पुण्याचं नव्हे, बेंगळुरूचं शिवाजीनगर

शिवाजीनगर म्हटलं की आपल्याला पुण्याची एसटी आठवते. आज मात्र बेंगळुरूचं शिवाजीनगर. 1638 नंतर शहाजीराजांची जहागीर या शहरात होती, पण ही वस्ती तशी अलीकडची. 1809 मध्ये इंग्रजांनी छावणी वसवली, तिच्या कडेला ब्लॅकपल्ली नावाची वस्ती वाढली, तिचंच पुढं शिवाजीनगर झालं. रसेल मार्केट, सेंट मेरी बॅसिलिका, मशिदी, भंगारवाले, सगळं दाटीवाटीनं.

इथंच लेडी कर्झन रोडवर आय मॉनेटरी ॲडव्हायजरी, म्हणजे आयएमए, या कंपनीचं कार्यालय होतं. 2006 साली मोहम्मद मन्सूर खान यांनी ती सुरू केली. व्याज हराम मानणाऱ्या माणसाला बँकेत पैसे ठेवताना संकोच वाटतो. आयएमएनं त्यावर तोड काढली. तुम्ही ठेवीदार नाही, भागीदार; मिळतं ते व्याज नाही, नफा. महिन्याला अडीच-तीन टक्क्यांपर्यंत! सोबत दागिन्यांचं दुकान, बिनव्याजी सोनं-तारण आणि कंपनीच्या पैशातून दुरुस्त झालेली सरकारी शाळा. ज्या शाळेत आपली मुलं शिकतात ती शाळा सुधारणाऱ्यावर संशय कोण घेईल?

या भागीदारीच्या शब्दामागं कायद्याची एक पळवाटही होती. ठेव म्हटलं की ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो. महाराष्ट्रात तो 1999 चा, कर्नाटकात 2004 चा. भागीदार म्हटलं की वाद सुरू, हा धंदा आहे की ठेव? रिझर्व्ह बँक 2015 पासून राज्य सरकारला या कंपनीबद्दल कळवत होती. तरीही महसूल खात्याच्या चौकशीतून कंपनी निर्दोष असल्याचा अहवाल निघाला. पुढं तो अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्यालाच लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. चौकशी झालीच नाही असं म्हणता येत नाही, हेच या प्रकरणातलं सर्वांत कडू सत्य. कागदं फिरत होती, आणि त्याच काळात लोक पैसे भरत होते.

8 जून 2019 ला खान दुबईला निघून गेले. 10 जूनला त्यांची ध्वनिफीत पसरली. पुढाऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी आपल्याला लुटलं, स्थानिक आमदार रोशन बेग यांनी 400 कोटी परत केले नाहीत, असा आरोप तीत होता. बेग यांनी तो फेटाळला. लगेच लेडी कर्झन रोडवर रांगा. बुरख्यातल्या बायका, निवृत्त कारकून, रिक्षावाले, लग्नासाठी साठवलेले पैसे गेलेले बाप. तक्रारी हजारोंनी, अखेर चाळीस हजारांवर गेल्या, आणि रक्कम सुमारे 4,000 कोटींची सांगितली गेली.

19 जुलैला खान दिल्ली विमानतळावर पकडले गेले. ऑगस्टमध्ये तपास पथकाला त्यांच्या इमारतीतल्या पोहण्याच्या तलावात 300 किलोंहून जास्त 'सोन्याची' बिस्किटं सापडली. सगळी बनावट. (ज्या गुंतवणूकदारांना ही बिस्किटं दाखवली असतील, त्यांनी हातात घेऊन वजनही केलं असेल.) महिनाअखेरीस सीबीआयनं गुन्हा दाखल केला. रोशन बेग यांना अटक व्हायला नोव्हेंबर 2020 उजाडला, आणि काही आठवड्यांतच जामीनही मिळाला. जामीन हा आरोपीचा हक्क आहे, दोष सिद्ध झालेला नाही, त्याला माझी हरकत नाही. पण मोठ्या माणसाला वकील लवकर मिळतो, तारीख लवकर मिळते. रांगेतल्या बाईला दावा दाखल करायचा अर्ज कुठं मिळतो इथपासून सुरुवात असते.

आपल्याकडं पीएमसी बँकेत सप्टेंबर 2019 मध्ये हेच पाहिलं. खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती. त्यात निदान बँकेचं नाव आणि विम्याचा आधार तरी होता. शिवाजीनगरच्या 'भागीदारां'ना तोही नव्हता. जप्त मालमत्ता विकायची, पैसे गोळा करायचे, मग दावे तपासून वाटायचे, आणि ज्यांनी आधी नफा म्हणून जे घेतलं ते त्यांच्या दाव्यातून वजा. लेडी कर्झन रोडवरच्या त्या दारासमोर आधी नफ्यासाठी उभे राहिलेले लोक, पुढं मुद्दलाच्या पावत्या घेऊन उभे होते.