‘फेमिनिसिदिओ’ : एका संज्ञेची न्यायालयीन वाटचाल

डायना रसेल यांनी १९७६ साली ब्रसेल्स येथे ‘फेमिसाइड’ हा इंग्रजी शब्द योजला. मेक्सिकोच्या मानवशास्त्रज्ञ मार्सेला लागार्दे यांनी तो स्पॅनिशमध्ये आणताना ‘फेमिसिदिओ’ हे सरळ रूप टाळले. त्यातून केवळ ‘स्त्रीची हत्या’ एवढाच बोध झाला असता. ‘नि’ हे एक अक्षर वाढवून त्यांनी ‘फेमिनिसिदिओ’ रूढ केला, आणि हत्येकडे डोळेझाक करणाऱ्या शासनासही त्या अर्थात गोवले. (आपला ‘हुंडाबळी’ हा शब्द हत्येचे कारण सांगतो, डोळेझाक करणारा मात्र त्यात कोठेच येत नाही.)

या शब्दाची कसोटी सिउदाद ह्वारेस या सीमावर्ती शहरातील प्रकरणात लागली. नोव्हेंबर २००१ मध्ये तेथील कापसाच्या शेतात आठ स्त्रियांची प्रेते सापडली. त्यांपैकी तिघींच्या संबंधात आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने १६ नोव्हेंबर २००९ रोजी निर्णय दिला. तिघींपैकी दोघी अल्पवयीन होत्या. त्या बेपत्ता झाल्याची तक्रार घेऊन गेलेल्या आप्तांना, मुलगी प्रियकराबरोबर गेली असेल, अशा आशयाची उत्तरे मिळाली होती. हे उद्गार म्हणजे केवळ उर्मटपणा नव्हे, तर तपास न करण्याचे एक कारणच होते, हे न्यायालयाने ओळखले.

असे न्यायालय मारेकऱ्यास शिक्षा देत नाही. त्याच्यापुढे उभे असते ते राज्य. खाजगी व्यक्तीच्या कृत्याबद्दलही, योग्य दक्षता न घेतल्यास, राज्य उत्तरदायी ठरते, हे तत्त्व त्याने १९८८ सालीच होंडुरासविरुद्धच्या खटल्यात मांडले होते. १९९४ च्या बेलें दो पारा कराराने स्त्रियांवरील अत्याचारांच्या बाबतीत ते स्पष्ट शब्दांत नोंदविले. ह्वारेसच्या निर्णयात न्यायालयाने काळाचे दोन भाग पाडले. तक्रारीनंतर राज्याची जबाबदारी निःसंशय होती. तत्पूर्वी मात्र या तिघींना असलेला विशिष्ट धोका राज्यास ठाऊक नव्हता, असे त्याने मानले. शहरातील स्त्रियांच्या हत्यांची मालिका १९९३ पासून चालू असता ही विभागणी मला फार सावध वाटते.

संज्ञेबाबतही हीच सावधगिरी आढळते. ‘लिंगभावाच्या कारणास्तव स्त्रियांची हत्या’ असा शब्दप्रयोग करून, यासच ‘फेमिनिसिदिओ’ म्हणतात, एवढेच न्यायालय सांगते. तथापि २०१२ मध्ये मेक्सिकोच्या संघीय दंडसंहितेत हा शब्द गुन्ह्याचे नाव म्हणून आला. लागार्दे यांचा दुसरा अर्थही तेथे, व्याख्येबाहेर का होईना, टिकून राहिला : त्याच कलमान्वये, तपासात हेतुपुरस्सर वा हयगयीने विलंब लावणाऱ्या लोकसेवकास २०१२ मध्ये तीन ते आठ वर्षांचा कारावास सांगितला होता.